इंची लेथवर मेट्रिक आटे : चेंज गिअरच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा आणि ड्रॉइंग मिलिमीटरचं, अशी गाठ पडली की बहुतेक जण आधी गिअर कव्हरच्या आतला चेंज गिअरचा (पिचनुसार बदलायच्या गिअरचा) तक्ता शोधतात. तक्ता पुसला गेलेला असतो, किंवा नेमका हवा तो पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) त्यात नसतो, आणि काम अडतं. खरं तर तक्त्यावाचून अडायला नको. सगळा हिशोब एका अपूर्णांकाचा आहे. तो कागदावर मांडता आला की कुठल्याही इंची लेथवर कुठलाही मेट्रिक पिच काढता येतो. म्हणून पुढे तयार उत्तरं कमी दिली आहेत आणि हिशोब कसा बसवायचा हे जास्त सांगितलं आहे.

मुळात अडचण कशाची आहे?

आटे पाडताना स्पिंडल (चक आणि काम फिरवणारा दांडा) एक फेरा फिरला की टूल बरोबर एक पिच पुढे गेलं पाहिजे. टूल सरकवतो लीड स्क्रू. लीड स्क्रू ८ टीपीआयचा असेल, म्हणजे इंचात आठ आटे असतील, तर त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) इंचाचा आठवा भाग सरकतं. म्हणजेच एक सूत, म्हणजेच ३.१७५ मिमी.

यावर १६ टीपीआय काढायचे असतील तर लीड स्क्रू स्पिंडलच्या निम्म्या वेगाने फिरवायचा, झालं काम. पण १.५ मिमी पिच हवा असेल तर १.५ भागिले ३.१७५ करावं लागतं. उत्तर येतं ०.४७२४४०९... आणि ते पुढे चालूच राहतं. असलं गुणोत्तर ३०, ४०, ५० अशा गिअरमधून तंतोतंत निघत नाही. अडचण एवढीच.

सगळे १२७ दाती गिअर म्हणतात. हा आकडा आला कुठून?

१ इंच म्हणजे २५.४ मिमी. हे अंदाजे नाही, अगदी नेमकं आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरवला, तेव्हापासून इंच बरोबर २५.४ मिमी झाला.

आता २५.४ चा अपूर्णांक करा : २५४/१०, म्हणजे १२७/५. यापुढे तो लहान होत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे. तिला १ आणि १२७ सोडून कशानेही भाग जात नाही. ६० दात्यांच्या ऐवजी ३० आणि २० ची जोडी लावून काम भागतं, कारण ६० चे तुकडे पडतात. १२७ चे पडत नाहीत. म्हणून इंच आणि मिलिमीटर तंतोतंत जुळवायचे तर १२७ दाती गिअर (किंवा त्याच्या दुप्पट, २५४ दाती) गिअरच्या साखळीत कुठेतरी असावाच लागतो. बाकी कितीही गिअर जोडले तरी हे टळत नाही.

सूत्र काय?

चालक ÷ चालित = (हवा तो पिच मिमीमध्ये × लीड स्क्रूचे टीपीआय × ५) ÷ १२७

चालक म्हणजे स्पिंडलकडून फिरवणारा, चालित म्हणजे लीड स्क्रूकडचा, फिरवला जाणारा. हे एकच सूत्र पाठ असलं तरी पुरे. ८ टीपीआयच्या लीड स्क्रूला ते आणखी सोपं होतं : पिच × ४० ÷ १२७. लीड स्क्रू ४ टीपीआयचा असेल तर पिच × २० ÷ १२७.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

एम१० चा बोल्ट, पिच १.५ मिमी, लीड स्क्रू ८ टीपीआय.

१.५ × ४० = ६०. म्हणून गुणोत्तर ६०/१२७. स्टडवर (स्पिंडलकडचा पहिला चेंज गिअर बसतो त्या खुंटीवर) ६० दाती, लीड स्क्रूवर १२७ दाती, मध्ये जागा भरायला कुठलाही आयडलर. आयडलरच्या दात्यांचा गुणोत्तरावर काहीही परिणाम होत नाही. तो फक्त अंतर भरतो आणि फिरण्याची दिशा बदलतो.

याच रीतीने ८ टीपीआयवर नेहमीच्या पिचांसाठी लागणारा चालक गिअर असा निघतो (चालित सगळीकडे १२७) :

०.५ मिमी : २०
०.७५ मिमी : ३०
१ मिमी : ४०
१.२५ मिमी : ५०
१.५ मिमी : ६०
१.७५ मिमी : ७०
२ मिमी : ८०
२.५ मिमी : १००
३ मिमी : १२०

एम५ चा ०.८ मिमी पिच मुद्दाम यादीत घेतला नाही. त्याला ३२ दाती लागतो आणि पाचाच्या पटीतल्या संचात तो नसतो. तिथे कंपाउंड ट्रेन लावायची, म्हणजे गिअरच्या दोन जोड्या, मधले दोन गिअर एकाच बुशवर : (४०/१२७) × (८०/१००). गुणाकार करून पाहा, ३२/१२७ च येतो.

माझ्या मशीनवर हा हिशोब बरोबर निम्मा किंवा दुप्पट चुकतो. का?

स्टड स्पिंडलच्याच वेगाने फिरतो असं वरच्या हिशोबात धरलेलं आहे. सगळ्या लेथवर तसं नसतं. हेडस्टॉकच्या आतच कुठेतरी १:२ चं गुणोत्तर दडलेलं असू शकतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मेन स्विच बंद करा. चकवर आणि स्टडच्या गिअरवर खडूने एकेक खूण करा. चक हाताने बरोबर एक फेरा फिरवा. स्टडही एक फेरा फिरला तर काही करायचं नाही. अर्धाच फिरला तर सूत्रातून आलेलं गुणोत्तर दुपटीने घ्यायचं, म्हणजे ६०/१२७ च्या जागी १२०/१२७. नवीन लेथ हाताशी आलं की हे आधी करून घ्यावं आणि कव्हरच्या आत रंगाने लिहून ठेवावं.

कंपाउंड ट्रेन हिशोबात बसते, पण क्वाड्रंटवर बसत नाही. असं का?

कागदावर गिअरला जाडी नसते, आकार नसतो. क्वाड्रंटवर (चेंज गिअर ज्या पट्टीवर बसवतात तिच्यावर) मात्र एका जोडीचा मोठा गिअर दुसऱ्या जोडीच्या शाफ्टला जाऊन घासतो.

कंपाउंड ट्रेन (पहिला चालक/पहिला चालित) × (दुसरा चालक/दुसरा चालित) अशी लिहिली तर दोन गोष्टी पाहायच्या. पहिल्या जोडीतल्या दात्यांची बेरीज दुसऱ्या चालकापेक्षा किमान १५ ने जास्त हवी. आणि दुसऱ्या जोडीची बेरीज पहिल्या चालितापेक्षा किमान १५ ने जास्त हवी. हा अडसर येण्याचं उदाहरण पुढच्याच उत्तरात आहे.

बेरीज बसत नसेल तर लगेच गिअर बदलायला जाऊ नका. दोन्ही चालकांची आपसात किंवा दोन्ही चालितांची आपसात अदलाबदल करा. गुणाकार तोच राहतो आणि बऱ्याचदा जागेचा प्रश्न तिथेच सुटतो. फक्त चालक चालिताच्या जागी जाता कामा नये.

१२७ दाती गिअर नाहीच. किंवा आहे, पण कव्हरमध्ये मावत नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्याला कारण आहे. १२७ दाती गिअर मोठा असतो. १ मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल आणि डीपी ही दात्याच्या आकाराची मेट्रिक आणि इंची मापं) त्याचा बाहेरचा व्यास १२९ मिमी होतो. २० डीपीमध्ये ६.४५ इंच, म्हणजे जवळजवळ १६४ मिमी. लहान लेथच्या कव्हरमध्ये एवढी जागा कुठली? बरं, स्वतः कापावा म्हटलं तर डिव्हायडिंग हेडच्या (वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनाच्या) नेहमीच्या प्लेटवर १२७ चे भाग सरळ पडत नाहीत, डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं.

मग जवळचा अपूर्णांक वापरायचा. सूत्रातला अडचणीचा भाग १००/१२७ असा वेगळा काढा. त्याची किंमत ०.७८७४०१६. याच्या अगदी जवळ जाणारे तीन अपूर्णांक कामाचे आहेत :

६३/८० : ०.७८७५, चूक ०.०१२५ टक्के जास्त.
३७/४७ : ०.७८७२३४, चूक ०.०२१३ टक्के कमी.
२६/३३ : ०.७८७८७९, चूक ०.०६०६ टक्के जास्त.

माझं मत स्पष्ट आहे : एकच जास्तीचा गिअर घ्यायचा असेल तर ६३ दाती घ्या. २० डीपीमध्ये त्याचा बाहेरचा व्यास ३.२५ इंच, म्हणजे साधारण ८२.५ मिमी. १२७ च्या निम्म्या जागेत तो बसतो आणि चूक आठ हजारात एक एवढीच.

१.५ मिमीचं उदाहरण ६३ घेऊन करू. ६०/१२७ म्हणजे (१००/१२७) × (३/५). १००/१२७ च्या जागी ६३/८० ठेवा : (६३/८०) × (३०/५०). आता बसते का पाहा. ६३ + ८० = १४३, हे ३० + १५ पेक्षा बरंच जास्त आहे, ठीक. ३० + ५० = ८०, पण इथे ८० + १५ = ९५ लागतात. नाही बसत. आता चालक आपसात बदला : (३०/८०) × (६३/५०). ३० + ८० = ११०, लागतात ७८. ६३ + ५० = ११३, लागतात ९५. बसली. स्टडवरचा ३० दाती ८० दातीला फिरवतो, ८० च्याच बुशवर ६३ दाती, आणि तो लीड स्क्रूवरच्या ५० दातीला फिरवतो. पिच मिळतो १.५००२ मिमी.

६३ पण नाही. फक्त पाचाच्या पटीतले गिअर आहेत.

तरी जमतं. २६/३३ चा अपूर्णांक त्यासाठीच आहे, कारण २६ मध्ये १३ आहे आणि ३३ मध्ये ११, आणि ६५ व ५५ दाती गिअर बहुतेक संचात असतात. ८ टीपीआयवर १.५ मिमीसाठी : (६५/५०) × (२०/५५). ६५ दाती ५० ला फिरवतो, ५० सोबतचा २० दाती लीड स्क्रूवरच्या ५५ ला. पिच येतो १.५००९ मिमी. जागेच्या दोन्ही बेरजाही बसतात.

एवढी चूक चालते का?

याचं उत्तर टक्क्यांत शोधू नका, जोडाची लांबी पाहा. नट बोल्टवर जेवढ्या लांबीत बसतो तेवढ्या लांबीतच पिचची चूक साठते.

एम१० च्या नटची उंची साधारण ८ मिमी. ६३/८० वापरलं तर एवढ्या लांबीत साठणारी चूक ०.००१ मिमी, म्हणजे एक मायक्रॉन. २६/३३ वापरलं तर ०.००५ मिमी. आट्यांना जी मोकळीक दिलेली असते तिच्यापुढे हे काहीच नाही. नट हाताने सरळ फिरत जाईल. आमच्याकडे वर्षानुवर्षं दुरुस्तीचे बोल्ट आणि स्टड ६३ वर निघाले, एकही पिचसाठी परत आला नाही.

आता हाच हिशोब ३०० मिमी लांबीच्या स्क्रूला लावा. तो एखाद्या स्लाइडचा स्क्रू असेल आणि त्याच्या डायलवरून माप घ्यायचं असेल, तर ६३/८० ने ०.०३७५ मिमी चूक येईल आणि २६/३३ ने ०.१८ मिमी. पहिली कदाचित चालेल, दुसरी नक्कीच नाही. मापासाठी वापरायच्या स्क्रूला १२७ दाती गिअरच हवा, तिथे तडजोड करू नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आटे पाडण्याचं बहुतेक काम चकजवळ होतं, त्यामुळे जुन्या लेथचा लीड स्क्रू चकजवळच्या भागात झिजलेला असतो. अशा स्क्रूवर १२७ दाती गिअर लावूनही नेमकेपणा मिळेलच असं नाही. गिअरच्या चौथ्या दशांशावर वाद घालण्याआधी लीड स्क्रूची अवस्था पाहावी.

माझ्या लेथला नॉर्टन गिअरबॉक्स (लिव्हर हलवून टीपीआय निवडायचा बॉक्स) आहे. मला हे सगळं करावं लागेल का?

कमी. गिअरबॉक्सच्या आधी १२७ ची एक जोडी घातली की बॉक्सच मेट्रिक पिच देऊ लागतो. कुठली जोडी आहे त्यावर कुठले पिच मिळतील ते ठरतं.

१००/१२७ ची जोडी (१२७ चालित, १०० चालक, दोन्ही एकाच बुशवर) असेल तर बॉक्सवर लावलेल्या टीपीआयने २० ला भागा, मिमीमधला पिच मिळेल. २० टीपीआयवर १ मिमी, १६ वर १.२५, १० वर २, ८ वर २.५.

१२०/१२७ ची जोडी असेल तर २४ ला भागा. २४ वर १ मिमी, १६ वर १.५, १२ वर २, ८ वर ३, ३२ वर ०.७५.

१२०/१२७ च्या जोडीवर १.२५ आणि १.७५ सरळ मिळत नाहीत, कारण त्यासाठी १९.२ आणि १३.७१ टीपीआय लागतील. पण बॉक्स १६ वरच ठेवून फक्त स्टडचा गिअर बदलला तर सुंदर क्रम लागतो. समजा मूळ स्टड गिअर ३० दाती आहे आणि त्यावर १.५ मिमी येतो. २५ दाती लावा, १.२५ मिमी. ३५ दाती लावा, १.७५ मिमी. ४० दाती लावा, २ मिमी. लिव्हरला हातही लावायचा नाही. हा क्रम पहिल्यांदा कागदावर उतरला तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि अजूनही शिकवताना मी तो आधी सांगतो.

मेट्रिक आटे पाडताना हाफ नट का उघडायचा नाही?

हाफ नट म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडझाप होणारा नट. इंची आट्यांना थ्रेड चेसिंग डायल (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणारी तबकडी) पाहून हाफ नट लावता येतो, कारण लीड स्क्रूचे आटे आणि कामाचे आटे थोड्या थोड्या अंतराने पुन्हा जुळतात. मेट्रिक आट्यांचं तसं नाही.

८ टीपीआयच्या लीड स्क्रूवर १.५ मिमीचे आटे घ्या. ३.१७५ आणि १.५ या दोन्हींनी पूर्ण भाग जाणारं सगळ्यांत लहान अंतर १९०.५ मिमी आहे, म्हणजे साडेसात इंच. त्याच्या आत हाफ नट कुठेही उघडून पुन्हा लावला तर टूल जुन्या खाचेत पडणारच नाही, दोन आट्यांच्या मधून नवी खाच कापेल. १ मिमी पिचला हेच अंतर १२७ मिमी येतं. डायलवरच्या रेघा इंचाच्या हिशोबाने पाडलेल्या असतात, त्या इथे उपयोगी नाहीत.

म्हणून रीत अशी : पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत हाफ नट लावलेलाच. कापाच्या शेवटी टूल बाहेर घ्या, मशीन थांबवा, उलटं फिरवून कॅरेज परत आणा. कामाच्या टोकाच्या चार-पाच मिमी बाहेर गेल्यावर थांबा, म्हणजे सरळ चालताना गिअरमधला ढिलेपणा टूल कामाला लागण्याआधीच निघून जाईल. मगच पुढचा काप द्या.

चक स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा असेल तर उलटं फिरवताना तो सुटू शकतो. त्यामुळे वेग अगदी कमी ठेवा आणि झटका देऊ नका.

खांद्यापर्यंत आटे न्यायचे आहेत, मशीन वेळेत थांबत नाही. हाफ नट उघडल्याशिवाय कसं जमणार?

इथे एक रीत आहे. तीत हाफ नट उघडता येतो, पण लीड स्क्रूचा हिशोब मोडत नाही. खांद्याशी आलं की हाफ नट उघडा, डायलवरची कुठली रेघ समोर आहे ते पाहा आणि लगेच मशीन थांबवा. डायलचा पूर्ण फेरा होऊ द्यायचा नाही. टूल बाहेर घ्या. कॅरेज जागेवरच. आता मशीन उलटं चालू करा. डायल मागे फिरू लागेल आणि तीच रेघ पुन्हा समोर येईल. त्या क्षणी हाफ नट लावा. लीड स्क्रू जेवढा पुढे गेला होता तेवढाच मागे आला, म्हणून नट त्याच आट्यात बसतो. आधी नुसत्या रद्दी तुकड्यावर पाच-सहा वेळा करून हात बसवा, मगच कामावर वापरा.

नट तीन-चार फेरे छान जातो आणि मग अडकतो. खोली कमी आहे का?

खोली कमी असती तर नट पहिल्या फेऱ्यालाच अडला असता. सुरुवातीला नीट जाऊन पुढे घट्ट होत जाणं ही पिच चुकल्याची खूण आहे.

हे माझ्या हातून झालेलं आहे. १.५ मिमीचे आटे होते, दिसायला स्वच्छ, चकचकीत. नट लावला, तीन फेरे गेला आणि थांबला. मी खोली वाढवली. नट सुरुवातीला ढिला झाला, पण अडायचा तिथेच अडला. शेवटी पिच गेज लावला तेव्हा टोकाकडच्या दात्यांमागून उजेड दिसला. कव्हर उघडलं तर लीड स्क्रूवर १२७ च्या जागी १२० दाती गिअर. शेजारी शेजारी ठेवले नाहीत तर दोन्ही सारखेच दिसतात. ६०/१२० म्हणजे निम्मा वेग, आणि ८ टीपीआयवर निम्मा वेग म्हणजे बरोबर १६ टीपीआय : १.५८७५ मिमी. मी मेट्रिक समजून इंची आटे पाडले होते. तेव्हापासून गिअरवर कोरलेला आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचल्याशिवाय मी कव्हर लावत नाही, आणि आकडा पुसट असेल तर दाते मोजतो.

माल वाया न घालवता पिच आधी कसा तपासायचा?

दोन टप्पे. आधी मशीन बंद ठेवून : हाफ नट लावा, कॅरेजला डायल इंडिकेटर टेकवा, ढिलेपणा निघेपर्यंत चक हाताने पुढे फिरवा, इंडिकेटर शून्यावर आणा आणि चक बरोबर दहा फेरे फिरवा. १.५ मिमी पिचला कॅरेज १५ मिमी सरकलं पाहिजे. इंडिकेटरचा पल्ला कमी असेल तर पाच फेरे घ्या.

मग टूल कामाला जेमतेम टेकवून एक हलका ओरखडा काढा. एक-दोन आटे मोजू नका, वीस मोजा. वीस आटे म्हणजे ३० मिमी. १६ टीपीआय निघाला असता तर ३१.७५ मिमी भरलं असतं, साध्या पट्टीवरही कळलं असतं.

टूलचा कोन आणि काप किती खोल?

मेट्रिक आट्यांना ६० अंश. जुन्या इंची लेथसोबत ५५ अंशांचं व्हिटवर्थ टूल आणि त्याचं गेज पडून असतं, तेच उचललं जातं. लक्ष ठेवा.

बाहेरच्या आट्यांची खोली साधारण ०.६१३ × पिच. १.५ मिमीला ०.९२ मिमी एका बाजूने. तुमच्या क्रॉस स्लाइडचा डायल थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर ०.९२ भागिले ०.०२५४, म्हणजे सुमारे ३६ थाऊ. डायल व्यासाचं माप दाखवणारा असेल तर दुप्पट, ७२. कंपाउंड स्लाइड ३० अंशांत फिरवून काप देत असाल तर तिच्या डायलवर ०.९२ भागिले ०.८६६, म्हणजे १.०६ मिमी किंवा सुमारे ४२ थाऊ. हे आकडे टूलच्या टोकाला ०.२ मिमीच्या आसपास गोलाई धरून आहेत. टोक अगदी अणकुचीदार असेल तर आणखी खोल जावं लागेल. शेवटचे दोन-तीन काप नट किंवा रिंग गेज लावत लावतच घ्या.

उलटं करायचं असेल तर? लेथ मेट्रिक आणि आटे इंची?

तेच सूत्र उलटं होतं : चालक ÷ चालित = १२७ ÷ (५ × हवे ते टीपीआय × लीड स्क्रूचा पिच मिमीमध्ये). ३ मिमीच्या लीड स्क्रूवर १० टीपीआय : १२७/१५०. इथे १२७ चालकाच्या बाजूला येतो. तो नसेल तर १२७/१०० च्या जागी ८०/६३ घ्या : (८०/६३) × (४०/६०). हाफ नटचा नियम इथेही तोच, उघडायचा नाही.

डावे आटे आणि दोन सुरुवातींचे आटे?

डाव्या आट्यांना गुणोत्तर तेच, फक्त टम्बलर लिव्हरने लीड स्क्रूची दिशा बदलायची. तशी सोय नसेल तर एक आयडलर वाढवायचा. दोन सुरुवातींच्या आट्यांना सूत्रात पिच न घालता लीड घाला, म्हणजे पिचच्या दुप्पट.

वर्म कापायचा आहे, मॉड्यूलचा. त्यात पाय (π) येतो. जमेल का?

जमेल, आणि इथे एक फार छान योग जुळून आला आहे. १ मॉड्यूलच्या वर्मचा पिच ३.१४१५९ मिमी. ८ टीपीआयच्या लीड स्क्रूसाठी गुणोत्तर येतं ०.९८९४७८. पाय साठी २२/७ आणि इंचासाठी १२७ घेऊन गेलात तर ८८०/८८९ मिळतं, चूक ०.०४ टक्के. आणि ९४/९५ करून पाहा : ०.९८९४७४. चूक दहा लाखांत चार-पाच. १२७ लागला नाही, २२/७ लागला नाही, आणि उत्तर दोन्हींपेक्षा सरस.

लावायला (४७/२५) × (५०/९५) घ्या. ४७ + २५ = ७२, लागतात ६५. ५० + ९५ = १४५, लागतात ४०. ३७/४७ च्या जोडीसाठी ज्यांनी ४७ दाती गिअर घेतला असेल त्यांच्याकडे एवढं करायला फक्त ९५ दाती लागेल. २ मॉड्यूलला हेच गुणोत्तर दुप्पट, ०.५ ला निम्मं. हाफ नट मात्र शेवटचा काप होईपर्यंत लावलेलाच ठेवा. पायच्या पिचला तो जुळून येण्याची जागाच नसते.